फेरमोजणी

उलवे, आज

तुम्ही भूकरमापक आहात. पनवेल तालुक्यात नेमणूक, हातात रोव्हर, समोर साडेबारा टक्के योजनेतला एक भूखंड. पलीकडे विमानतळ. तिथे उलव्याची टेकडी होती हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. मोजणीची नोटीस मिळालेले सगळे हजर आहेत: दोन भाऊ, एक वकील, शेजारचा बिल्डरचा माणूस आणि छत्रीला टेकून उभे असलेले एक आजोबा.

तुम्ही काठी उभी करता, बुडबुडा मधोमध आणता. मिनिटभरात पडद्यावर आकडे येतात. अक्षांश १९ अंशांच्या किंचित खाली, रेखांश ७३ अंशांच्या किंचित पुढे. चूक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत.

"सायेब, यंत्र बरोबर सांगतंय?" आजोबा विचारतात.

"उपग्रहावरून येतंय, आजोबा."

"आनि उपग्रहच चुकला तर?"

वकील हसतो. तुम्हीही हसता, पण प्रश्न चोख आहे. मोजणाऱ्याला कोण मोजणार? या देशात हा प्रश्न इतक्या हट्टानं विचारणारा पहिला मोजणीदार एक फौजी गडी होता. तलवार त्याच्याकडे होती, पण आयुष्यभर तो वापरत राहिला ते त्रिकोण. रोव्हर बंद करा आणि माझ्याबरोबर चला. आपण जिथे जाणार आहोत तिथे वर उपग्रह नाहीत. तारे मात्र आहेत.

श्रीरंगपट्टण, एप्रिल १७९९

मिट्ट काळोख आहे. तुम्ही जनरल बेअर्डच्या तुकडीत शेवटच्या रांगेत चालताय. टिपू सुलतानाच्या राजधानीला वेढा पडतोय. रात्री एका झाडीतून शत्रूला हुसकावायचं आणि मुक्कामी परतायचं, एवढाच हुकूम. हुकूम पार पडला. आता परतीची वाट आहे आणि सगळ्यांना वाटतंय आपण दक्षिणेला, छावणीकडे चाललोय.

एक अधिकारी मात्र चालता चालता वर बघतोय. उंच, चाळिशी उलटलेला, पदानं अजून लेफ्टनंटच. विल्यम लॅम्बटन, ३३वी पलटण. याच पलटणीचा कर्नल आहे आर्थर वेलस्ली. चार वर्षांनी तो आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे उभा राहील आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होईल. लॅम्बटनचं नाव तेवढं गाजणार नाही.

यॉर्कशरमधल्या साध्या घरातला हा माणूस. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला. मग कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये त्यानं बारा-तेरा वर्षं बराकींचा कारभार सांभाळला. बर्फात अडकलेल्या त्या आडगावी करण्यासारखं फार काही नव्हतं, म्हणून त्यानं गणित वाचलं. सूर्यग्रहण पाहताना त्याचा एक डोळा अधू झाला. उरलेल्या डोळ्यानं तो आता आकाश वाचतोय.

तुम्हीही बघा. इथला अक्षांश साडेबारा अंशांच्या आसपास, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून साडेबारा अंशच वर. उलव्यात तो १९ अंशांवर दिसतो. ध्रुवाची उंची म्हणजे तुमचा अक्षांश. जहाजावरचे तांडेल हे फार पूर्वीपासून जाणतात. आत्ता ध्रुव पाठीशी असायला हवा. तो समोर आहे. तुकडी उत्तरेला, सरळ टिपूच्या मोर्च्यांकडे चाललीय.

लॅम्बटन पुढे होऊन जनरलला सांगतो. ताऱ्यांच्या भरवशावर फौज वळवायची हे बेअर्डच्या गळी लवकर उतरत नाही. पण लॅम्बटन बरोबर ठरतो आणि तुकडी मागे फिरते.

४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडतं, टिपू मारला जातो, म्हैसूरचा मुलूख कंपनीच्या हाती येतो. इतर अधिकारी लुटीतला वाटा मोजतात. लॅम्बटन एक अर्ज लिहितो: द्वीपकल्पाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत मला मोजणी करू द्या.

मद्रास, उन्हाळा १८०२

अर्ज मंजूर व्हायला वेळ गेला. लंडनमध्ये बंगालच्या नकाशांमुळे नावाजलेला मेजर रेनेल विरोधात होता. नेव्हिल मॅस्कलिन हा राजज्योतिषी बाजूनं उभा राहिला. मद्रासच्या कौन्सिलातल्या एका सदस्यानं म्हणे विचारलं, की श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांना सांगितलं की झालं, ते नेतातच. मग नकाशा कशाला? खर्चाला मंजुरी देणारं कार्यालय कुठल्याही काळातलं असो, तिथे असा एक सदस्य असतोच.

आता तुम्ही खलाशी आहात. मोजणीच्या फौजेत ओझी वाहणाऱ्यांना, निशाणं धरणाऱ्यांना हेच नाव आहे आणि पुढची दोनशे वर्षं ते टिकणार आहे. १० एप्रिल. सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सपाट रान. पहाटेच तुम्ही लाकडी पेट्या एका रेषेत मांडल्यात, त्यांच्यावर कनातीची सावली धरलीय. पेट्यांत साखळी निजवलीय.

ही साखळी चीनच्या बादशहासाठी निघाली होती. लंडनच्या रॅम्सडेन या नामांकित कारागिरानं ती घडवली. इंग्रज वकिलातीनं नजराणा म्हणून नेली, पण चिनी दरबाराला तिचं अप्रूप वाटलं नाही. फिरत फिरत ती कलकत्त्याला आली आणि लॅम्बटनला मिळाली. शंभर फूट लांब, पोलादी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्या.

तुमचं काम सोपं वाटतं. साखळी ताणायची, टोकाशी खूण करायची, उचलायची, पुढे न्यायची, पुन्हा ताणायची. चारशे वेळा. साडेसात मैल. एवढं अंतर तुम्ही सकाळी निघालात तर जेवणाआधी चालून याल. या कामाला ५७ दिवस लागतात.

इतके दिवस का? पेटीपेटीत ठेवलेले तापमापक बघा. ऊन चढलं की पोलाद वाढतं. फॅरनहाइटच्या एका अंशाला शंभर फुटांत इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तुम्ही म्हणाल, सोडा हो. लॅम्बटन सोडत नाही. एका अंशाची चूक चारशे वेळा झाली तर तीन इंच होतात, आणि सकाळ-दुपारच्या तापमानात वीस-वीस अंशांचा फरक असतो. म्हणून प्रत्येक साखळीमागे तापमान लिहायचं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात दुरुस्ती करायची. जमिनीला चढ असेल तर त्याचा कोन वेगळा. समुद्रसपाटीवर लांबी किती भरेल, ते वेगळं.

ही साडेसात मैलांची रेघ म्हणजे पायारेषा. या मापावर पुढे शेकडो मैलांचा डोलारा उभा राहणार आहे. रेषेची दोन टोकं आणि दूरची एक टेकडी असा त्रिकोण कल्पायचा. दोन टोकांवरून टेकडीचे कोन मोजले की उरलेल्या दोन्ही बाजू गणितानं मिळतात. टेकडीपर्यंत साखळी ओढत न्यायची गरज नाही. मिळालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया, त्याची बाजू त्याच्या पुढच्याचा. दहावीच्या पुस्तकातली ज्या आणि कोज्या इथे नद्या ओलांडतात, जंगलं ओलांडतात.

कोन मोजणारं यंत्र यायला उशीर झाला, त्याचीही गोष्ट आहे. लंडनच्या विल्यम कॅरीनं बनवलेला मोठा थिओडोलाइट, तीन फूट व्यासाचं चक्र, वजन सुमारे अर्धा टन. जहाज वाटेतच फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. युद्ध चालू होतं, तरी तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं शास्त्राचं साधन म्हणून ते मानानं मद्रासला पाठवून दिलं. आता ते हलवायला माणसांची अख्खी तुकडी लागते, आणि त्या तुकडीत तुमचा खांदा आहेच.

बंगळूर, १८०४

मद्रासहून त्रिकोण पश्चिमेकडे चढत आलेत. मधले घाट, खडक, देवळांची शिखरं, सगळीकडे तुम्ही निशाण घेऊन उभे राहिलात. दीडशेहून अधिक मैल झाले. वहीत प्रत्येक बाजूची लांबी लिहिलेली आहे, तिला इंचापर्यंतचे आकडे आहेत, आणि कुणीही शहाणा माणूस म्हणेल की काम झालं.

लॅम्बटन म्हणतो, साखळी काढा.

बंगळूरजवळ सुमारे सात मैलांची एक सपाट रेघ आहे. तिची लांबी त्रिकोणांवरून काढून झालीय, कागदावर आकडा तयार आहे. आता तीच रेघ जमिनीवर साखळीनं मोजायची आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. फरक मोठा निघाला तर दोन वर्षांचं काम पाण्यात. वरून कुणाचा हुकूम आलेला नाही, कुणी तक्रार केलेली नाही. हा माणूस आपणहून स्वतःविरुद्ध साक्षीदार उभा करतोय.

पुन्हा पेट्या, पुन्हा तापमापक, पुन्हा खुणा. त्याचा सहायक वॉरन मोजणी करवून घेतो. तुमचे हात आता सरावलेत.

आकडा येतो. कागदावरची लांबी आणि जमिनीवरची लांबी यांत चार इंचांचाही फरक नाही.

इथे क्षणभर थांबा, कारण या माणसाचा सगळा स्वभाव या रेघेत आहे. फौजेत हुकूम शेवटचा असतो. सुटला की त्यावर फेरविचार नाही. गणितात कुठलाच आकडा दुसऱ्या वाटेनं येऊन पटल्याशिवाय शेवटचा नसतो. लॅम्बटननं फौजेकडून शिस्त घेतली: पहाटे उठणं, रांग न मोडणं, पावसात-तापात मोहीम न सोडणं. आणि गणिताकडून शंका घेतली. नुसती शिस्त असती तर त्यानं चुकीचा नकाशा वेळेवर पूर्ण केला असता. नुसती शंका असती तर तो मद्रासच्या बाहेर पडलाच नसता.

त्रिकोण पुढे मंगळूरच्या किनाऱ्याला पोहोचतात, तेव्हा जुने नकाशे खोटे पडतात. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ४०० मैल धरले जात होते. निघाले ३६०. चाळीस मैल जमीन नव्हतीच. कंपनी सरकारला यातली उपयोगाची गोष्ट लगेच कळते: फौजेच्या वाटा, साऱ्याची जमीन. लॅम्बटनला वेगळंच हवं आहे.

तंजावर, १८०८

कावेरीचा त्रिभुज प्रदेश. भात, नारळ, ताड, आणि डोळ्यांना कुठेही टेकडी नाही. यंत्र उंचावर चढवायचं तर देवळांखेरीज दुसरी जागा नाही. म्हणून तुम्ही बृहदीश्वराच्या आवारात आहात.

आजूबाजूला तमिळ, पण राजवाड्याकडून आलेल्या कारकुनाच्या तोंडी मराठी ऐकून तुम्ही चमकता. गादीवर सरफोजीराजे भोसले आहेत. याच देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून पाच वर्षं झालीत. राजाला स्वतःला ग्रंथांचा, वैद्यकाचा, पाश्चात्त्य यंत्रांचा नाद. मुलखाचा कारभार मात्र कंपनीकडे गेलाय; राजाच्या हाती किल्ला आणि मान उरलाय.

आता दोरावर लक्ष द्या. अर्ध्या टनाचं यंत्र कप्पीवरून वर चाललंय. दोर ताणला गेलाय, खालचे खलाशी तोल सांभाळतायत. दोर तुटतो. यंत्र भिंतीवर आदळतं. आवाजानंतर कुणी बोलत नाही. पेटी उघडली तर मोठं चक्र वाकलेलं. ज्या वर्तुळावर कोनाचे सेकंद वाचायचे, ते वर्तुळच राहिलेलं नाही. दुसरं यंत्र मागवायचं तर लंडन, म्हणजे कित्येक महिने.

लॅम्बटन आरडाओरडा करत नाही. यंत्र सुटं करवून तंबूत घेतो आणि कनात पाडतो. सहा आठवडे. तुम्ही बाहेरून ऐकत राहता: लाकडी पाचरी ठोकल्याचा आवाज, स्क्रू फिरल्याचा आवाज. सपाट फळीवर मूळ आकाराचं वर्तुळ आखून वाकलेलं चक्र तो अगदी हळूहळू चारी बाजूंनी ओढून त्या रेषेवर आणतो. बाहेर पडतो तेव्हा यंत्र पुन्हा चालण्याजोगं असतं. त्यानंतरही अनेक वर्षं याच यंत्रानं हिंदुस्थान मोजला जाणार आहे. पुढे कधी डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभागात गेलात तर ते तुम्हाला भेटेल.

कन्याकुमारीपासून वर

लॅम्बटनला जे हवं आहे ते आता सांगायला हवं. त्याला पृथ्वीचा आकार हवा आहे.

न्यूटननं सांगून ठेवलं होतं की पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे. तसं असेल तर उत्तरेकडे चालत जाताना ध्रुवतारा एक अंश वर चढायला लागणारं अंतर सगळीकडे सारखं असणार नाही. विषुववृत्ताजवळ एका अंशाला सुमारे ११०.६ किलोमीटर, ध्रुवाजवळ सुमारे १११.७. कन्याकुमारीच्या आठ अंशांपासून विदर्भाच्या वीस अंशांपर्यंत जाताना हा फरक अंशामागे अवघा शंभर-सव्वाशे मीटर होतो. हजारात एक. आता कळलं, मद्रासला तापमापकाचा एक अंशही तो का सोडत नव्हता? मोजणीतली चूक शोधायच्या फरकाहून मोठी झाली तर पृथ्वीऐवजी स्वतःची चूकच मोजली जाणार.

म्हणून एका रेखांशालगत, ७८ अंशांच्या जवळपास, कन्याकुमारीजवळच्या एका खुणेपासून तो सरळ उत्तरेला त्रिकोण चढवत नेतो. ठराविक मुक्कामांवर झेनिथ सेक्टर लावून डोक्यावरून जाणारे तारे रात्र रात्र पाहतो. आकाशातले अंश आणि जमिनीवरचे मैल जुळवतो. त्रिकोण मोठे झाले की तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश होत नाही, थोडी जास्त भरते, कारण कागद सपाट असला तरी जमीन गोल आहे. दर १९७ चौरस किलोमीटरमागे सुमारे एक सेकंद जास्त. तीही नोंद हवी.

तुम्ही या वर्षांत पुष्कळ पाहता. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, दूरचं निशाण स्वच्छ दिसतं, म्हणून काम पावसात करायचं. आणि पावसातच हिवताप येतो. टेकडीवर निशाण धरून दिवसेंदिवस एकटा बसलेला खलाशी तापानं फणफणतो, पण त्याचं नाव कुठल्या कागदात चढत नाही. जोशुआ डी पेनिंगसारख्या मद्रासच्या सर्व्हे शाळेतून आलेल्या सहायकांची नावं तेवढी राहिली. हेन्री केटर हा हुशार कॅप्टन प्रकृती ढासळून परत गेला आणि नंतर लंबकावरच्या कामानं प्रसिद्ध झाला. लॅम्बटन मात्र जागचा हलला नाही. त्याचा संसार, मुलंबाळं, सगळं कॅम्पातच.

१८१५ मध्ये बीदरजवळ आणखी एक पायारेषा मोजून होते. १८१७ मध्ये लंडनची रॉयल सोसायटी त्याला सभासद करून घेते. १८१८ मध्ये या कामाला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळतं. त्याच सुमारास हैदराबादेत त्याच्या हाताखाली बंगाल तोफखान्याचा एक तरुण अधिकारी रुजू होतो. तिशीच्या आतला, तापट, कष्टाळू. जॉर्ज एव्हरेस्ट. म्हातारा साहेब त्याला आधी थकलेला, सुस्त वाटतो. यंत्राशी उभा राहिला की मात्र तो पुन्हा पहिल्यासारखा होतो, हे एव्हरेस्टनं स्वतः लिहून ठेवलंय.

हिंगणघाट, जानेवारी १८२३

काळी जमीन, वणा नदी, सकाळची थंडी. शेतात कापूस वेचणाऱ्या बायांची रांग, बांधाला तूर. तुम्ही पुन्हा मराठी मुलखात आलात. हैदराबादेहून निघालेला कॅम्प नागपूरकडे चाललाय. मोजणीचं मुख्य ठाणं तिकडे हलवायचं ठरलंय. त्रिकोण वऱ्हाडापर्यंत पोहोचलेत. नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले आहेत, वयानं कोवळे. कारभार रेसिडेंट जेंकिन्स पाहतो.

तंबूंजवळ गावची माणसं जमलीत. पाटील तुम्हाला बाजूला घेतो.

"काय मोजून राह्यले जी तुमचे साहेब? सारा वाढवतीन काय?"

"शेत नाही मोजत, पाटील. पृथ्वी मोजतात."

पाटलाचा विश्वास बसत नाही, आणि त्याचं चुकतही नाही. मराठी मुलखात मोजणी म्हणजे सारा हे समीकरण शिवकाळापासून, पाच हात पाच मुठींच्या काठीपासून लोकांना पाठ आहे. कंपनीनं या कामावर वीस वर्षं पैसा ओतला तो पृथ्वीच्या आकारासाठी नव्हे. त्रिकोणांच्या जाळ्यात पुढे तालुके, गावं, गट नंबर बसवले गेले आणि त्यावर वसुली झाली. लॅम्बटनचा हेतू शुद्ध असला तरी त्याचे त्रिकोण साम्राज्याच्या कामाला आले. पाटील हे न शिकता ओळखतो.

तंबूत साहेब खोकतोय. कितीतरी महिने छातीचं दुखणं आहे. वय सत्तरीकडे झुकलेलं. नेमकं किती ते सांगता येत नाही, कारण जन्मसालच पक्कं नाही. ज्यानं इंचाचा हिशेब सोडला नाही, त्याच्या स्वतःच्या वयात दोन-तीन वर्षांची तफावत राहिली.

रात्री बाहेर या. ध्रुव साडेवीस अंशांवर आहे. श्रीरंगपट्टणच्या त्या रात्रीपेक्षा आठ अंश वर. ध्रुवाला एवढं वर चढवायला या माणसाला चोवीस वर्षं लागली, आणि वाटेत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्रिकोणांत बसला.

२० जानेवारी १८२३ रोजी लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन हिंगणघाटच्या मुक्कामी मरण पावतो. त्याला तिथेच पुरतात. एव्हरेस्ट जवळ नाही. कन्याकुमारीहून उत्तरेला चढलेल्या त्रिकोणांच्या माळेपासून, म्हणजे मुख्य चापापासून, पश्चिमेला मुंबईच्या दिशेनं नवी त्रिकोणमाला न्यायला त्याला पाठवलेलं आहे. बातमी कळल्यावर तो ते काम तसंच टाकून परततो आणि म्हाताऱ्याची जागा घेतो.

नंतर

तुमचा प्रवास इथे संपला तरी त्रिकोणांचा संपला नाही. मुंबईकडे येणारी माळ बॉम्बे आर्मीच्या रॉबर्ट शॉर्टरीड आणि विल्यम जेकब यांनी पुढे नेली. दोघेही याच जातकुळीचे अधिकारी: शॉर्टरीडनं १८४४ मध्ये लॉगॅरिदमचं भलं मोठं कोष्टक छापलं, तर जेकबनं पुण्यात वेधशाळा काढली.

एव्हरेस्टनं १८४३ पर्यंत मुख्य चाप हिमालयाच्या पायथ्याला नेऊन भिडवला. त्याच्या मागून आलेल्या अँड्र्यू वॉच्या काळात, राधानाथ शिकदार यांच्यासारख्या गणितींच्या आकडेमोडीतून, १५ क्रमांकाचं शिखर २९,००२ फूट भरलं आणि १८५६ मध्ये जगातलं सर्वांत उंच म्हणून जाहीर झालं. त्याला नाव मिळालं एव्हरेस्टचं. एव्हरेस्टला ज्याच्याकडून काम मिळालं, त्याचं नाव एकाही मोठ्या शिखराला मिळालं नाही.

पण आकडे टिकले. या मोजणीवरून एव्हरेस्टनं १८३० मध्ये पृथ्वीच्या लंबगोलाची मापं काढली. चपटेपणा सुमारे ३००.८ भागांत एक. आज उपग्रहांच्या हिशेबात तो २९८.२५७ भागांत एक धरतात. साखळी, पेटी आणि एका डोळ्याच्या माणसानं सुरू केलेलं काम किती जवळ पोहोचलं होतं ते यावरून दिसतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडचं नवं शहर कागदावर उतरू लागलं, तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे याच एव्हरेस्ट लंबगोलावर आखलेले होते. वाशी, नेरूळ, बेलापूर उभी राहिली ती या जुन्या चौकटीच्या आत.

'उपग्रहच चुकला तर?' याचंही उत्तर लॅम्बटनच्या रीतीनंच द्यायचं असतं. उपग्रहांच्या घड्याळांची आणि कक्षांची जमिनीवरच्या पक्क्या ठाण्यांवरून सतत तपासणी होते, आणि तुमच्या रोव्हरला अशाच ठाण्यांकडून दुरुस्ती मिळते. बंगळूरच्या रेघेवर त्यानं जे एकदा केलं, ते आता दर सेकंदाला होतं. म्हणून मोजणीला आव्हान देणाऱ्या माणसावर मोजणी खात्यानं रागावू नये. फेरमोजणी मागणं हा अविश्वास नाही, मोजणीशास्त्राचा पहिला नियम आहे.

हिंगणघाट नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ तिथून जातो, म्हणजे हा रस्ता आजही लॅम्बटनच्या रेखांशाच्या आसपासच धावतो. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती आहे. दहावीला त्रिकोणमिती शिकवाल, तेव्हा मुलांना एकदा हिंगणघाटला न्या. लॅम्बटनची कबर दाखवा, बाहेरच्या मोकळ्या जागेत पन्नास मीटरची टेप धरून एक पायारेषा मोजायला लावा, दूरच्या पाण्याच्या टाकीची उंची काढायला सांगा. उत्तर आलं की शाबासकी देण्याआधी तीच रेषा दुसऱ्या गटाकडून पुन्हा मोजून घ्या.